चिलखताचा किट अंगावर बसवायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोशाख म्हणून अंगावर घालायच्या चिलखताचा व्हॅक्यूम फॉर्मिंगचा (तापवलेली प्लॅस्टिक शीट हवा ओढून साच्यावर बसवायची पद्धत) किट हातात आलाय. पांढऱ्या शीटमधून उठवलेले भाग आहेत, कडेची जादा शीट तशीच आहे, माहितीपत्रक नाही. कुठला गोंद घ्यायचा, रंग जोडण्याआधी द्यायचा की नंतर, फटी कशाने भरायच्या, आणि तुम्ही अंगाने बारीक असल्यामुळे मांड्यांचे भाग फार सैल होतात त्याचं काय करायचं.

शेवटचं तुम्ही जाता जाता विचारलंय, पण खरा प्रश्न तोच आहे. मॉडेल किटमध्ये भाग एकमेकांना जुळले की काम संपलं. इथे ते माणसाच्या अंगाला जुळवायचे असतात, तेही चालता-बसता येईल असे. साचा एकाच मापाचा आणि अंगं शंभर मापांची. म्हणून हे जोडकाम न समजता शिवणकाम समजा: माप घ्यायचं, बेतायचं, कच्चा टाका घालून अंगावर चढवून बघायचं, मगच पक्कं करायचं. उत्तम रंग दिलेलं पण अंगावर लोंबणारं चिलखत दुरूनच ओळखू येतं. नीट बसलेलं साध्या रंगातही उठून दिसतं.

आधी प्लॅस्टिक कोणतं ते कळलं पाहिजे, कारण गोंद आणि रंग त्यावर ठरतात. असे किट बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे किंवा हिप्सचे, म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनचे असतात. विकणाऱ्याला विचारणं सगळ्यात सोपं. त्यालाच माहीत नसेल तर कडेचा एक तुकडा लिमोनीनमध्ये टाकून ठेवा. हा संत्र्याच्या सालीपासून काढलेला सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव असतो. हिप्स त्यात मऊ पडून विरघळायला लागतं, एबीएसवर तितका परिणाम होत नाही. एबीएस चिवट असतं, कारण त्यात ब्युटाडाइन रबर असतं. उन्हात ते पिवळं पडतं तेही याच रबरामुळे. पांढरं चिलखत रंग न देता वापरायचं असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा. वर ॲक्रिलिकचा चकचकीत थर असलेली एबीएस शीट मात्र ऊन बऱ्यापैकी सोसते. हिप्स कापायला हलकं जातं, पण वाकवल्यावर लवकर पांढरी रेघ उमटते आणि तडाही लवकर जातो.

शीट मुळात दीड ते अडीच मिलिमीटरची असते, पण साच्यावर ओढली जाताना खोल जागी ताणून पातळ होते. प्रत्येक भाग दिव्यासमोर धरून बघा. जिथून उजेड जास्त झिरपतो तिथे आतून मार्करने गोल करून ठेवा. त्या जागी सँडपेपर जपून चालवायचा आणि पुढे आतून आधार द्यायचा.

आता कापणं. पहिल्या फेरीत अंतिम रेषेवर जायचंच नाही. तिच्या बाहेर एक सेंटिमीटर सोडून जादा शीट काढा. सरळ कडेला स्टीलची पट्टी धरून कटरने हलक्या हाताने तीन-चार वेळा चर पाडा. आरपार कापायची गरज नसते. मग मागेपुढे वाकवलं की शीट चरीवरच तुटते. वळणदार कडांना वाकड्या पात्याची छोटी कात्री उत्तम, रिमोटवरच्या गाड्यांच्या प्लॅस्टिक बॉडी कापायला वापरतात ती. रोटरी टूलचा, म्हणजे फिरत्या पात्याच्या छोट्या विजेच्या हत्याराचा मोह बहुतेकांना होतो. जास्त वेगावर ते प्लॅस्टिक कापत नाही, वितळवतं, आणि वितळलेला लगदा पात्यामागे पुन्हा चिकटतो. वापरायचंच असेल तर सगळ्यात कमी वेगावर, आणि चष्मा लावून.

आतला कोपरा कधीही टोकदार कापू नका. आधी त्या जागी पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा आणि दोन्ही काप त्या भोकाला आणून मिळवा. वाकवताना सगळा ताण टोकदार खाचेत गोळा होतो, गोलाईवर तो पसरतो. पुढे दुरुस्तीला येणारे बहुतेक तडे अशाच एखाद्या घाईत मारलेल्या खाचेपासून निघालेले असतात. कापून झाल्यावर कडा १२०, २२० आणि ४०० नंबरच्या पेपरने घासा. कड बोटाला गुळगुळीत लागली म्हणजे तडा सुरू व्हायला जागा उरली नाही.

काही भागांच्या काठाला आत वळलेली कड असते. ती सगळीच कापून टाकायची चूक करू नका. बघणाऱ्याला पातळ प्लॅस्टिकऐवजी जाड पत्र्याचा भास होतो तो या वळलेल्या कडेमुळेच. समोरून दिसणाऱ्या काठांवर ती पाच-सहा मिलिमीटर राहू द्या. मनगट, कोपराची आतली बाजू, काख आणि गुडघ्यामागची जागा मात्र पूर्ण मोकळी करा. तिथे ती अर्ध्या तासात कातडी सोलते.

मापं घेताना आतला सूट, पॅड, बूट, जे काही घालणार ते सगळं घालूनच टेप लावा. मनगटाकडच्या तोंडाचं माप मनगटावरून घ्यायचं नसतं. अंगठा तळहातावर दुमडून पंजाच्या सगळ्यात रुंद भागाचा घेर मोजा, कारण त्या तोंडातून पंजा आत जायचा असतो. मांडीचं माप बसून घ्या. बसल्यावर मांडी पसरते. उभ्याने बेताचं बसलेलं चिलखत खुर्चीत रक्त अडवतं. बसलेल्या घेरावर तीन सेंटिमीटर मोकळीक पुरते.

तुमच्या सैल मांड्यांचा हिशेब असा. मांडीच्या भागाचे दोन अर्धे, म्हणजे चार कडा. समजा टेपने तात्पुरतं जोडून घेर ६४ सेंटिमीटर आला आणि तुम्हाला ५८ हवाय. कमी करायचेत ६, म्हणजे प्रत्येक कडेतून दीडच सेंटिमीटर. सगळे ६ एकाच कडेतून काढले तर पुढचा उठाव आणि रेषा एका बाजूला सरकतात, आणि पाय वळल्यासारखा दिसतो. वरच्या आणि खालच्या तोंडाची मापं वेगळी असल्यामुळे काप सरळ न येता तिरका येईल, ते बरोबरच आहे. आणि एवढं सगळं मोजूनही पहिल्यांदा प्रत्येक कडेतून सांगितलेल्याच्या दोन तृतीयांशच काढा, टेपने जोडा, घालून चाला, मग उरलेलं. कापलेलं प्लॅस्टिक परत येत नाही. तुमच्या उलट अंगाने भरलेल्या माणसाला कापायचं नसतं, भर घालायची असते: मागच्या सांध्यात त्याच शीटची रुंद पट्टी बसवायची आणि तिच्या कडा नंतर पुट्टीने मिटवायच्या.

इथे आपला कच्चा टाका म्हणजे मास्किंग टेप. गोंदाची ट्यूब उघडण्याआधी सगळे भाग, अगदी छाती-पाठीसकट, टेपवर अंगावर चढले पाहिजेत. आरशासमोर उभं राहून पुरत नाही. बसा, जिना चढा, हात वर करा, जमिनीवरची वस्तू उचला. मांडीचा वरचा आतला कोपरा जांघेत टोचेल, पोटाचा भाग बसताना छातीला वर ढकलेल. हे सगळं टेपच्या टप्प्यावर कळलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

सांधे दोन प्रकारे जोडतात. एक कड दुसरीवर चढवली की काम लवकर होतं, मजबुतीही येते, पण पायरी दिसते. दुसरी पद्धत कडेला कड भिडवण्याची: आतून एक पट्टी, लागली तर बाहेरूनही एक. दंडांना आणि पुढच्या हातांना १५ मिलिमीटरची, पायांना २० ते २५ मिलिमीटरची पट्टी चालते. पट्टी किटमधल्याच उरलेल्या शीटची कापा, म्हणजे रंग आणि लवचीकपणा दोन्ही जुळतात. मी नेहमी दुसरीच पद्धत सुचवतो, कारण माप पुढे बदलावं लागलं तर सांधा उघडता येतो.

यावरूनच गोंद ठरतो. ई-६००० सारखा रबरी गोंद पहिल्यांदा करणाऱ्यासाठी सर्वांत बरा. तो वाळायला २४ ते ७२ तास घेतो, आणि हीच त्याची खुबी आहे: पहिली काही मिनिटं भाग सरकवता येतो, वाळल्यावर सांधा लवतो, आणि जमलं नाही तर ओढून, खरवडून काढता येतो. दोन्ही पृष्ठभाग आधी २२० ने खरखरीत करा, पातळ थर लावा, जोडा आणि क्लॅम्प लावा. गोल भागांवर क्लॅम्प धरत नाहीत. तिथे आत एक आणि बाहेर एक असे जोरकस नियोडिमियम चुंबक ठेवले की सांधा दाबून धरला जातो. चुंबकाखाली बेकिंग पेपरचा तुकडा ठेवा, नाहीतर बाहेर आलेल्या गोंदात तोच चिकटून बसेल. या गोंदाच्या वाफा चांगल्या नाहीत, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून काम करा. २४ तासांच्या आत ‘धरलंय का बघू’ म्हणून वाकवून बघायचं नाही.

सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा पातळ गोंद, पट्टी जागेवर टाचायला ठीक. मुख्य सांध्याला नको. तो कडक होतो, चिलखत लवलं की चटकन सुटतो, आणि त्याच्या वाफेने चकचकीत पृष्ठभागावर पांढरी राख धरते.

तिसरा पर्याय सॉल्व्हंटचा. एबीएस ॲसिटोनमध्ये किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या सॉल्व्हंटमध्ये विरघळतं, म्हणून त्यांनी केलेला सांधा चिकटत नाही, वितळून एकजीव होतो. मजबुतीला याला तोड नाही, पण उघडायची सोयही नाही. माप शंभर टक्के पक्कं झालेल्या जागी आणि आतल्या आधारपट्ट्यांना तो वापरा. पातळ शीटवर जास्त ओतलात तर बाहेरच्या बाजूला सुरकुती उमटते. दोन्ही द्रव भराभर उडतात आणि ठिणगीने पेट घेतात, त्यामुळे जवळपास शेगडी, हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र), सिगारेट काही नको. एबीएसचे कापलेले तुकडे काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये टाकून रात्रभर ठेवले की दह्यासारखी पेस्ट तयार होते. तीच पुढे फटी भरायला सर्वोत्तम, कारण वाळल्यावर ते तेच प्लॅस्टिक असतं.

उष्णतेबद्दल एक सावधगिरी. एबीएस साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, हिप्स त्याच्याही थोडं आधी. त्यामुळे कडक गरम पाण्यात धरून मांडीचा किंवा पोटरीचा वाक थोडा घट्ट करता येतो. जाड हातमोजे घाला, हळूहळू वाकवा, थंड पाण्याखाली तसंच धरून ठेवा. हीट गन या कामाला फार आडदांड आहे. एका क्षणात कोरीव रेषा सपाट होतात. ती कडेची एखादी पट्टी वळवण्यापुरती ठेवा. बंद गाडीत उन्हात चिलखत ठेवलं तरी ते हळूहळू वाकतं, हेही यातच आलं.

फटींकडे येऊ. कड नीट घासून भिडवली असेल तर फट फार उरतच नाही, आणि बाहेरून पट्टी लावणार असाल तर भरायची गरजच नाही. अखंड दिसायला हवे असे सांधे, मुख्यतः हेल्मेट आणि खांदे, तेवढे भरा. एबीएस असेल तर वर सांगितलेली पेस्ट दोन-तीन पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन. ती वाळताना आकसते, म्हणून शेवटचा थर किंचित वर उचललेला ठेवा. हिप्सवर दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. गाडीच्या डेंटिंगची पॉलिएस्टर पुट्टी हिप्सवर टाळा; तिच्यातलं स्टायरीन पॉलिस्टायरीन विरघळवतं. आतून फायबरग्लासचं कापड लावून पातळ जागा भक्कम करताना हाच नियम: रेझिन इपॉक्सी, पॉलिएस्टर नव्हे. आणि जिथे भाग लवतो तिथे कुठलीही कडक पुट्टी टिकत नाही. बरगड्यांच्या बाजूचा सांधा पुट्टीने मिटवाल तर पहिल्याच वापरात केसासारखी भेग दिसेल. तिथे पट्टीच शोभते.

आता पट्टे. लोक इथे सगळ्यात कमी वेळ देतात. चिलखत अंगावर तरंगायला नको आणि आवळायलाही नको. ते लोंबकळतं तेव्हा दोष बहुधा पट्ट्यांचा असतो. वजन खांद्यांवर आणि कमरेवर घ्या. छाती आणि पाठ खांद्यावरून रुंद नायलॉन पट्ट्याने जोडा, बाजूने इलॅस्टिकने. श्वास घेताना छाती फुगते, तिथे न ताणणारा पट्टा नको. मांड्या कमरेच्या पट्ट्याला टांगा, मोजे वर धरणाऱ्या गार्टरसारख्या. पायांच्या घेरावर विसंबून त्या वर राहत नाहीत, चार पावलांत घसरतात. दंडाचा भाग खांद्याच्या भागाला, पुढचा हात दंडाला, असं एकाला एक २५ मिलिमीटरच्या इलॅस्टिकने बांधत गेलं की सगळं मिळून एक अंग होतं.

जोडणीला वेल्क्रो सोपा, पण घामाने त्याच्यामागचा चिकट थर सुटतो, म्हणून तो शिवून किंवा ई-६००० ने बसवा. टिचबटण जास्त भरवशाचं. शीटचा ४ सेंटिमीटरचा चौकोन कापा, मधोमध बटणाचा खालचा भाग बसवा आणि तो चौकोन आतून चिकटवा. बटण थेट चिलखतात ठोकलं तर बाहेरून दिसतं आणि भोकापाशी तडा जातो. नायलॉन पट्ट्याला भोक पाडायला सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक वापरा. धागे वितळून बंद होतात, उसवत नाहीत. पट्ट्यांची लांबी कुणा मदतनिसाकडून अंगावरच खुणा करून घ्या, कारण स्वतः वाकून खूण केली की लांबीच बदलते.

रंग जोडण्याआधी की नंतर, याचं उत्तर: जोडल्यानंतर, आणि पट्ट्यांसकट संपूर्ण चाचणी झाल्यानंतर. गोंद रंगाला चिकटला तर तो प्लॅस्टिकला चिकटलेला नसतो, आणि सांधा रंगाच्या थरासकट निघून येतो. पट्टे त्या वेळी बटणांवरून काढून ठेवता येतात.

भाग भांडी घासायच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, वाळवा, ४०० ने सगळीकडे हलकं फिरवा म्हणजे चकाकी मरेल, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. थिनरने किंवा ॲसिटोनने पुसू नका. वाकवून ताणात जोडलेल्या एबीएसवर तीव्र सॉल्व्हंट लागला की बारीक भेगांचं जाळं उठतं, आणि ते रंगाखालूनही दिसतं. प्रायमरचे दोन-तीन पातळ हात द्या, कॅन २० ते २५ सेंटिमीटरवरून सतत हलता ठेवून. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. करड्या प्रायमरखाली राहिलेले ओरखडे आता दिसतील. तिथे ६०० चा पेपर आणि पुन्हा एक हात. दमट हवेत फवारू नका, रंगावर दुधी पडदा येतो. कॅनवर पुढच्या हाताची वेळ लिहिलेली असते. बऱ्याच रंगांत ती तासाभराच्या आत किंवा थेट एक-दोन दिवसांनंतर अशी असते. मधल्या वेळेत दिलेला हात खालच्या अर्धवट वाळलेल्या थराला सुरकुत्या पाडतो. प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) शक्यतो एकाच घराण्याचे घ्या, आणि तिन्ही आधी कापलेल्या तुकड्यावर एकावर एक मारून बघा.

चकचकीत धातूचा रंग हवा असेल तर खाली चकचकीत काळा हात लागतो. करड्या मॅटवर चंदेरी रंग नुसता राखाडी दिसतो. त्यावर क्लिअर कोट मारला की आरशासारखी चमक हमखास मंदावते, तेव्हा कुठे हवा तेवढाच मारा. झिजलेलं रूप देणं ज्याच्या त्याच्या आवडीचं, माझं मत एवढंच: झीज जिथे खरोखर घासलं जाईल तिथेच दाखवा. खांद्याची कड, कोपर, मांडीला लागणारी हाताची बाजू. गडद तपकिरी ॲक्रिलिक पाणीदार करून चरींमध्ये सोडा आणि वरचं फडक्याने पुसून घ्या. कडांवर कोरड्या ब्रशने चंदेरी घासा. सगळीकडे सारखे डाग पाडले की ते घाण वाटतात, वापर वाटत नाही.

पांढरं चकचकीत एबीएस असेल आणि तेच रूप हवं असेल तर रंगाची गरजच नाही. ओरखडे १०००, मग २००० च्या पेपरने पाणी लावून घासा आणि पॉलिशिंग कंपाउंडने चमक परत आणा.

हेल्मेट शेवटी करा, हाताला कामाची सवय झाल्यावर. आत पॅड असे लावा की मान वळवल्यावर हेल्मेटही वळेल, आणि हवा यायला हनुवटीखाली आणि मागे जागा सोडा. काच धुरकट होत असेल तर आतून पातळ साबणाचं पाणी लावून फडक्याने चमकवा. तेवढ्यानेही भागत नसेल तर ४० मिलिमीटरचे छोटे पंखे बसवतात.

सुरुवात पुढच्या हातांपासून करा, छातीपासून नको. ते लहान आहेत, काही बिघडलं तरी पटकन दिसत नाही, आणि छातीला हात लावेपर्यंत तुमचा हात तयार झालेला असतो. कापलेले तुकडे फेकू नका. तडा गेला की त्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो थांबवायचा आणि आतून याच तुकड्यांची पट्टी चिकटवायची असते. कार्यक्रमाला जाताना त्यातले दोन-चार, मास्किंग टेप, जादा टिचबटणं आणि झटपट गोंदाची एक ट्यूब पिशवीत ठेवा.